दुपारच्या झोपेत लिहिलेल्या कथा: कॅनडाच्या लेखिकांबद्दल बोलू या

रानजाई

मागच्या शनिवारी विंगमला जाऊन आलो. ओंटारिओतल्या ह्युरॉन परगण्यातलं लहानसं गाव. कथालेखिका ॲलिस मन्रो १९३१ साली इथं जन्मली. वडील कातडीसाठी कोल्हे आणि मिंक पाळायचे. आई लग्नाआधी शिक्षिका होती. ॲलिस शाळेत असतानाच आईला कंपवात झाला आणि घर पोरीच्या अंगावर पडलं. गावातल्या संग्रहालयाशेजारी तिच्या नावाची बाग आहे. आमची चौदा महिन्यांची लेक नेमकी गाडीत झोपली, म्हणून नवरा तिच्यापाशी बसून राहिला आणि मी एकटीच बागेत फिरून आले. वीस मिनिटं मिळाली असतील. बाळ झाल्यापासून एवढा सलग वेळ मला पहिल्यांदाच मिळाला.

तिथंच डोक्यात आलं की मन्रोनंही अशाच वेळात लिहिलंय. मुली दुपारी झोपल्या की लिहायचं, त्या उठल्या की वही मिटायची. व्हँकुव्हरच्या एका दैनिकानं १९६१ मध्ये तिच्यावर लेख छापला, त्याचा मथळाच होता की गृहिणीला कथा लिहायला वेळ सापडतो. पहिला कथासंग्रह १९६८ मध्ये आला. तेव्हा ती ३७ वर्षांची होती आणि घरात तीन मुली होत्या. त्याच संग्रहाला गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. पुढं २०१३ चं नोबेल.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मन्रो कथेतच राहिली ती खरंच वेळ नव्हता म्हणून का? आणि कॅनडातल्या बाकीच्या लेखिकांनी हा वेळ कुठून काढला? मला पाळणाघराच्या यादीत अजून नंबर लागलेला नाही, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता वाङ्मयीन नाही. पुढं काय वाचू तेही सांगा.

वाचनवेडा_सातारा

वाचनखूण साठवली. मन्रो एकच कथा वाचलीय, पण ती चार वेळा.

सुलभामावशी

रानजाई, बाळाला आशीर्वाद. तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर मी लुसी मॉड माँटगोमेरीचं उदाहरण देते. 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' आपण सगळ्यांनी शाळेत कधीतरी वाचलेलं असतं, पण ते लिहिणारीबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

प्रिन्स एडवर्ड बेटावर १८७४ चा जन्म. ती दोन वर्षांचीही नव्हती तेव्हा आई क्षयानं गेली. वडील पश्चिमेकडं निघून गेले आणि ती कॅव्हेंडिशला आजी-आजोबांकडं वाढली. गावाचं पोस्ट त्यांच्या स्वयंपाकघरातच होतं. मला हे फार आवडतं. आजोबा गेल्यावर आजीला एकटं सोडायचं नाही म्हणून ही मास्तरकी सोडून घरी राहिली आणि पोस्टाचं काम बघू लागली. कथा-कविता पाठवायच्या, साभार परत आल्या की टपालाची पिशवी हिनंच उघडायची. गावात कुणाला पत्ता नाही. पोस्ट दुसऱ्या कुणाच्या हातात असतं, तर परत आलेल्या प्रत्येक पाकिटाची चर्चा विहिरीवर झाली असती.

'ॲन'सुद्धा चार-पाच प्रकाशकांनी परत पाठवली. मग हस्तलिखित टोपीच्या खोक्यात पडून राहिलं. पुन्हा बाहेर काढलं, बोस्टनच्या प्रकाशकाला पाठवलं आणि १९०८ मध्ये पुस्तक आलं. तडाखेबंद खपलं. पण करार असा की तिला घाऊक किमतीवर दहा टक्के, आणि पुढची पुस्तकंही त्याच अटींवर. त्या प्रकाशकाशी १९२० मध्ये सुरू झालेली कोर्टकचेरी १९२८ पर्यंत चालली. बाई कोर्टात उभी राहिली आणि हटली नाही.

आजी गेल्यावर १९११ मध्ये, ३६ व्या वर्षी, तिनं पाद्री इवन मॅकडोनाल्डशी लग्न केलं. नवऱ्याला तीव्र नैराश्याचे झटके यायचे. चर्चच्या मंडळींना ते कळू द्यायचं नाही, महिला मंडळाच्या बैठका घ्यायच्या, चहा-केक करायचा, मुलांचं बघायचं आणि वर्षा-दोन वर्षांनी एक पुस्तक द्यायचं. मधला मुलगा १९१४ मध्ये मृत जन्मला. हे सगळं कळलं ते तिच्या रोजनिशांमुळं. त्या १९८५ पासून छापून यायला लागल्या. लाल वेण्यांच्या ॲनवर जीव लावून वाढलेल्या कित्येक बायकांना त्या वाचणं सोसलं नाही. माझी धाकटी बहीण त्यातली एक.

अवधूत_ज

मावशी, प्रतिसाद सुंदर. पण मूळ प्रश्नाशी माझे मतभेद आहेत. मन्रोला वेळ नव्हता म्हणून कथा लिहिल्या हे तिनं स्वतः मुलाखतींमधून सांगितलंय, खरं आहे. सुरुवातीला तसं झालंही असेल. पण मुली मोठ्या झाल्या, १९७२ मध्ये घटस्फोट झाला, ती पुन्हा ह्युरॉन परगण्याच्या बाजूला राहायला आली, नाव झालं. तेव्हा वेळ होता ना? तरी कथाच लिहिल्या.

तिची कथा म्हणजे कादंबरी लिहायला वेळ नाही म्हणून आटोपतं घेतलेली गोष्ट नव्हे. एक स्वयंपाकघर, एक दुपार, दोन बायका बोलतायत. पान उलटलं की तीस वर्षं गेलेली असतात. ती दुपार तेव्हा काय होती, हे त्यातल्या एकीला आता कळतंय. असं कादंबरीत करता येत नाही, कारण कादंबरीला मधली तीस वर्षं भरून काढावी लागतात.

आणि घाईचं म्हणाल तर १९७८ चा किस्सा बघा. 'हू डू यू थिंक यू आर?' छपाईला गेलेलं होतं. हिनं ते थांबवलं, अर्ध्या कथांमधली नायिका बदलून सगळं पुस्तक एकाच रोझभोवती बांधलं आणि बदलाचा खर्च स्वतःच्या खिशातून दिला. वेळ चोरून लिहिणारी बाई असं करत नाही. तिला काय हवंय ते तिला नेमकं माहीत होतं.

गोदातीर

अवधूतना अनुमोदन. त्या पुस्तकाचं नाव कॅनडाबाहेर बदलून 'द बेगर मेड' केलं. आपल्याकडं बदलायची गरजच पडली नसती. 'स्वतःला समजतेस कोण?' हे वाक्य आमच्या आळीत दिवसातून दोनदा तरी ऐकू यायचं. पोरगी जरा पुढं गेली, जरा इंग्रजी बोलली की आलंच. मन्रोच्या गावातली माणसं मला म्हणूनच परकी वाटत नाहीत.

रानजाई

अवधूत, पटतंय. तरी दुपारची झोप सोडवत नाही मला. सवय तिथंच लागली असणार ना? थोड्या जागेत सगळं बसवायची.

टोरांटोकर

माझा प्रतिसाद जरा लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

ओंटारिओतल्या पीटरबरोच्या उत्तरेला लेकफील्ड नावाचं गाव आहे. कॅनडाच्या लेखिकांचं एक गोत्रच या गावातून जातं. १८३२ मध्ये दोन इंग्रज बहिणी आपापल्या नवऱ्यांबरोबर जहाजानं इकडं आल्या, सुझाना मूडी आणि कॅथरीन पार ट्रेल. माहेरचं नाव स्ट्रिकलंड. दोघी आधीपासूनच लिहिणाऱ्या, दोघींचे नवरे माजी सैनिक अधिकारी. शेतीचा अनुभव शून्य, आणि वाट्याला काय आलं तर ओंटारिओचं घनदाट जंगल, लाकडी खोपटं आणि कर्ज.

बहिणी मात्र अगदी दोन तऱ्हेच्या. सुझानाचं 'रफिंग इट इन द बुश' १८५२ चं. त्यात तिनं थंडी, आगी, शेजाऱ्यांची उसनवारी, सगळ्याबद्दल मनापासून संताप काढलाय. इंग्लंडातल्या भल्या घरच्या लोकांनी जाहिरातींना भुलून इकडं येऊ नये, असं तिला सांगायचं होतं. कॅथरीन त्याच जंगलात फुलं गोळा करून वहीत दाबत बसलेली. नव्यानं येणाऱ्या बायकांसाठी तिनं मार्गदर्शिका लिहिली. पाव फुगवायला खमीर कसं करायचं, मेपलच्या रसाची साखर कशी आटवायची, मेणबत्त्या, साबण, सगळं त्यात आहे. ती ९७ वर्षं जगली.

आता पुढं बघा. मूडीनं आपल्या दुसऱ्या पुस्तकात तुरुंगातल्या ग्रेस मार्क्स या मोलकरणीबद्दल लिहिलं होतं. त्यावरून मार्गारेट ॲटवुडनं १९९६ मध्ये 'एलियस ग्रेस' लिहिली. त्याआधी १९७० मध्ये तिनं मूडीच्याच तोंडून बोलणाऱ्या कवितांचं अख्खं पुस्तक केलं होतं. आणि मार्गारेट लॉरेन्सच्या 'द डिव्हायनर्स'मधली मोरॅग, ती स्वतः लेखिका आहे, एकटीनं मुलीला वाढवतेय, नदीकाठी राहतेय, ती कॅथरीन पार ट्रेलशी मनातल्या मनात भांडते. तुम्ही पहाटे उठून पाव भाजत होतात, मी बसलेय, असं काहीसं. लॉरेन्स स्वतः याच भागातल्या ओटोनबी नदीकाठच्या झोपडीत ते पुस्तक लिहीत होती आणि पुढं लेकफील्डलाच राहिली.

मी ती नदी बघायला मुद्दाम गेलो होतो. पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत म्हटलंय की नदी दोन्ही दिशांना वाहायची. प्रवाह एकीकडं, आणि दक्षिणेचा वारा पाण्यावरच्या सुरकुत्या उलट्या दिशेनं ढकलतो. काठावर पाच मिनिटं उभं राहिलं की दिसतं. तोवर मला ते नुसतं प्रतीक वाटत होतं.

सुलभामावशी

टोरांटोकर, चहा दोनदा झाला. फार छान.

केशरभात

अवांतर: ट्रेलबाईंची खमिराची कृती कुणी करून बघितलीय का? इकडं थंडीत माझं इडलीचं पीठ फुगत नाही, ओव्हनचा दिवा लावून ठेवते. दीडशे वर्षांपूर्वी त्या कुठं ठेवत असतील?

टोरांटोकर

अवांतर: केशरभात, चुलीजवळ. पावाची कणीक रात्रभर उबेला ठेवायची. तुमच्या इडलीचं आणि त्यांच्या पावाचं दुखणं एकच आहे.

मीनल_बीसी

व्हँकुव्हरहून लिहितेय. जॉय कोगावाचं नाव अजून आलं नाही म्हणून राहवलं नाही.

इथल्या मारपोल भागात तिचं लहानपणीचं घर आहे, मागं चेरीचं झाड होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, किनाऱ्यावरच्या सुमारे २२ हजार जपानी वंशाच्या लोकांना सरकारनं उचललं. त्यातले बहुतेक इथलेच नागरिक होते. जॉय सहा-सात वर्षांची होती. आधी स्लोकनच्या छावणीत, मग अल्बर्टात बीटच्या शेतांवर. घरं, होड्या, दुकानं सरकारनं विकून टाकली. युद्ध संपल्यावरही १९४९ पर्यंत त्यांना किनाऱ्यावर परत येऊ दिलं नाही.

यावर तिनं १९८१ मध्ये 'ओबासान' लिहिली. ओबासान म्हणजे काकू किंवा मावशी. एक मावशी आहे जी सारखी बोलते, कागदपत्रं जमवते, सरकारला पत्रं लिहिते. दुसरी ओबासान काहीच बोलत नाही. घरात दोरीचा तुकडासुद्धा जपून ठेवते. काका दगडासारखा घट्ट पाव करतात आणि सगळे निमूट खातात. आमच्या घरात फाळणीत सिंधमधून आलेली एक आजी होती, आजोबांच्या मित्राची बायको. ती अशीच होती. तिला कधी कुणी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. मला पुस्तक वाचताना तिचे हात दिसत होते.

२२ सप्टेंबर १९८८ ला पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २१ हजार डॉलर भरपाई जाहीर झाली. त्या दिवशी सभागृहात या कादंबरीतला उतारा वाचून दाखवला गेला. ते घर पाडायला निघाले होते, लोकांनी वर्गणी काढून २००६ मध्ये वाचवलं.

गोदातीर

मीनल, तुमच्या त्या आजीबद्दल वेगळा धागा काढा. खरंच.

नचिकेत_पॅरिस

रानजाईंच्या 'वेळ कुठून काढला' याला मेव्हिस गॅलंटचं उत्तर अगदी वेगळं आहे. तिनं घरच केलं नाही. माँट्रिआलला १९२२ चा जन्म. चार वर्षांची असताना निवासी शाळेत टाकली, एकूण सतरा शाळा झाल्या. दहाव्या वर्षी वडील गेले. पुढं माँट्रिआलच्या एका साप्ताहिकात वार्ताहर झाली, लग्न झालं, मोडलं, आणि १९५० मध्ये नोकरी सोडून युरोपला निघून आली. फक्त कथा लिहून जगायचं हे ठरवून.

१९५२ मध्ये ती माद्रिदला उपाशी दिवस काढत होती, कपडे विकून खात होती. आणि तिकडं न्यूयॉर्कच्या साप्ताहिकानं कथा घेतल्या होत्या, पैसे दिलेले होते. तिचा एजंट ते खिशात घालत होता आणि कथा नाकारल्या म्हणून सांगत होता. तिला कळलं ते ग्रंथालयात अंक उघडल्यावर. आपली कथा छापलेली बघून! पुढं त्याच साप्ताहिकात तिच्या शंभराहून जास्त कथा आल्या. २०१४ मध्ये गेली, पॅरिसमध्येच.

शरयू_न

दोन दिवस हा धागा वाचतेय आणि लिहू की नको असं चाललंय. रानजाई, तुझा आनंद मला घालवायचा नाही. पण मन्रोच्या मुली झोपल्या की ती लिहायची, हे चित्र मला आता पूर्वीसारखं बघता येत नाही.

मन्रो मे २०२४ मध्ये गेली. जुलैमध्ये तिच्या सर्वांत धाकट्या मुलीनं वर्तमानपत्रात लिहिलं की ती नऊ वर्षांची असताना, १९७६ पासून, सावत्र वडिलांनी तिचं लैंगिक शोषण केलं. आईला तिनं १९९२ मध्ये पत्र लिहून कळवलं. आई काही महिने नवऱ्यापासून दूर राहिली आणि परत त्याच्याकडं गेली. २००५ मध्ये त्यानं न्यायालयात गुन्हा कबूल केला. तरीही आई त्याच्याबरोबरच राहिली, तो मरेपर्यंत. घरच्यांना माहीत होतं. चरित्रकारालाही कळलेलं होतं. बाहेर कुणी बोललं नाही.

मी समुपदेशनाचं काम करते. अशी पत्रं लिहिणाऱ्या मुली माझ्यासमोर बसतात. पत्र लिहायला कुणाला दहा वर्षं लागतात, कुणाला वीस. आणि मग आई परत जाते. हे मी बघितलंय, त्यामुळं मी मन्रोची पुस्तकं कपाटातून काढली. फेकली नाहीत. खोक्यात आहेत.

वाचनवेडा_सातारा

शरयूताई, हे मला माहीतच नव्हतं. मी जी कथा चार वेळा वाचली ती आई-मुलीचीच आहे.

अवधूत_ज

शरयूताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मी वर एवढं कथेच्या रचनेबद्दल लिहिलं आणि याचा उल्लेखही केला नाही, ते चुकलं.

मी मात्र वाचत राहणार. सोडून देण्यापेक्षा वाचणं मला जास्त अवघड जातंय, आणि ते अवघड वाटायलाच हवं. तिच्या कथांमधल्या बायका दिसत असूनही बघत नाहीत, कळत असूनही गप्प बसतात, मग वीस वर्षांनी त्याची किंमत दुसरंच कुणी भरतं. हे तिला इतकं नीट माहीत होतं. मुलीला काय हवंय हेही तिला माहीत असणार. तरी ती परत गेली. याचं मला काय करायचं ते समजत नाही.

शरयू_न

अवधूत, वाचा ना. मी कुणाला थांबवत नाही. एवढंच म्हणते की तिच्याबद्दल जिथं जिथं बोलू, तिथं त्या मुलीचंही बोलू.

सुलभामावशी

शरयू, तुझं बरोबर आहे. माझं वय ७१. आमच्या पिढीत अशी पत्रं लिहिलीच गेली नाहीत.

माईंचा_फळा

मी निवृत्त शिक्षिका, बेळगाव. एक नाव राहिलं ते गाब्रिएल रॉयचं. मॅनिटोबातल्या सेंट बोनिफेसला १९०९ मध्ये जन्मली, मोठ्या फ्रेंच कुटुंबातली शेंडेफळ. १९१६ मध्ये तिथल्या सरकारनं शाळांमधून फ्रेंच शिकवण्यावर बंदी घातली. ख्रिस्ती जोगिणी (नन) शिक्षिका तरीही शिकवायच्या. तपासनीस आला की फ्रेंच पुस्तकं लपवायची आणि इंग्रजी बाहेर काढायची. बेळगावात मराठी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. ही दोन ओळींची गोष्ट वाचून पुस्तक मिटून मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले होते.

ती पुढं शिक्षिका झाली, आठ वर्षं पैसे साठवले आणि १९३७ मध्ये म्हाताऱ्या आईला मागं ठेवून युरोपला गेली. त्याचं शल्य तिच्या आत्मचरित्रात शेवटपर्यंत आहे. परत आल्यावर माँट्रिआलच्या सेंट-हेन्री या गिरणगावासारख्या गरीब वस्तीत फिरून तिनं 'बोनर दॉकाझ्यों' लिहिली, १९४५ मध्ये. इंग्रजीत 'द टिन फ्लूट'. त्यात युद्ध सुरू झाल्यावर बेकार बाप सैन्यात भरती होतो, कारण घरी पगार जाईल. या पुस्तकाला १९४७ मध्ये फ्रान्सचा फेमिना पुरस्कार मिळाला. पुढं कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेवर तिचं वाक्य आलं. रानजाईबाई, जुनी नोट हाती आली तर बघा.

केशरभात

माई, माझ्या पर्समध्ये फक्त नव्या प्लास्टिकच्या नोटा. जुन्या शोधायला लागले.

मीनल_बीसी

गप्प बसवण्यावरून आठवलं. मारिया कॅम्पबेलचं 'हाफब्रीड', १९७३. मेटी, म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजातल्या बाईचं आत्मकथन, आपल्याकडच्या दलित आत्मकथनांच्या वाचकांनी जरूर वाचावं. तिनं चौदाव्या वर्षी आपल्यावर एका पोलिसानं केलेल्या बलात्काराबद्दल लिहिलं होतं. प्रकाशकानं ती पानं तिच्या मनाविरुद्ध काढून टाकली. ४५ वर्षांनी अभ्यासक संशोधिकांना विद्यापीठाच्या दफ्तरात मूळ टंकलिखित सापडलं आणि २०१९ च्या आवृत्तीत ती पानं परत आली. लेखिका हयात असताना. घ्यायची तर तीच आवृत्ती घ्या.

टोरांटोकर

आणि लॉरेन्सच्या 'द डिव्हायनर्स'वर १९७६ मध्ये तिच्याच जिल्ह्यातल्या शाळांत बंदी आणायची मोहीम झाली. अश्लील म्हणून. शेजाऱ्यांनी सह्या केल्या होत्या. त्याचा घाव तिला फार खोल बसला.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. शरयूताई, तुम्ही लिहिलं नसतंत तर मी अर्धवटच राहिले असते. मला बातमी माहीत होती, पण बागेत फिरताना ती मी बाजूला ठेवली होती. आज ते कबूल करते. वही मिटल्यावर त्या घरात काय चाललं होतं हेही माझ्या प्रश्नातच यायला हवं होतं.

अवधूत, वेळेबद्दल तुमचं म्हणणं आता पटलं. पण टोरांटोकरांच्या नदीमुळं, माँटगोमेरीच्या पोस्टामुळं आणि गॅलंटच्या उपासामुळं. प्रत्येकीनं वेळाची किंमत दिली. कुणी स्वतः दिली, कुणाची दुसऱ्यानं भरली.

काल ग्रंथालयातून 'ओबासान' आणि लॉरेन्सची 'द स्टोन एंजल' आणली. 'स्टोन एंजल'ची हागर नव्वदीची आहे, हट्टी आहे, मुलगा-सून तिला वृद्धाश्रमात ठेवायचं बघतायत आणि ती कुणाचं ऐकत नाही. दुपारी लेक झोपल्यावर उघडलं. अकरा पानं झाली आणि ती उठली. आता ती माझ्या मांडीवर बसून पुस्तकाचं ग्रंथालयाचं लेबल सोलतेय. उद्या बारावं पान.

सुलभामावशी

लेबल सोलू दे. पानं फाडायला लागली की मात्र बाजूला ठेव. आणि हागर कुठवर पोचली ते इथं कळव.